माया

डॉक्टर पोरवालांनी चिठ्ठीच्या पाठकोऱ्या बाजूला
पेनाने पोट काढलं.
म्हणाले, याला स्लीव्ह म्हणतात. म्हणजे असं बघा…
म्हटलं, राहू द्या. बाही.
तेवीस वर्षं सुदामा नगरात ब्लाउज शिवतेय मी.

उभा काप. चारातले तीन हिस्से बाहेर,
उरतं ते केळ्याएवढं,
कडेने टाचण्यांची शिवण, धातूची, बारीक.
कतरन कुठे जाते, मी विचारलं.
ते हसले.
मी हसण्यासाठी विचारलं नव्हतं.
माझ्या मशीनखाली गोणी असते कतरनीची,
गोधडीवाली रुक्माबाई नेते महिन्याला.

दुसरा बायपास.
हा शब्द तर इंदुरात शेंबड्या पोराला पाठ:
देवासकडून येणारे ट्रक
राजवाड्याला न शिवता राऊला निघतात.
तसंच अन्न.
वर अंड्याएवढी पिशवी, तिला
खालचं आतडं ओढून जोडायचं;
बाकीचं पोट राहतं जागच्या जागी
शटर ओढलेल्या दुकानासारखं.

पट्टा आता कुणी घालत नाही, म्हणाले.
आणि फुगा सहा महिन्यांचा,
भाड्याच्या शेरवानीसारखा, परत द्यायचा.

मी बाही ठरवून टाकली होती.
ओळखीची वाटली, एवढंच कारण.
दिगंबर म्हणाला, कापाकापी कशाला,
सकाळी मेघदूतला चालायला चल.
हे तो नऊ वर्षं म्हणतोय,
आणि नऊ वर्षं सकाळी
पोहे-जिलबीचा पुडा तोच घेऊन येतोय.

मग नळीतून कॅमेरा घातला माझ्या घशाखाली.
मी रात्री तीन उशांवर बसून झोपते,
आंबट वर येतं, नाकापर्यंत.
पडद्यावर दिसलं: अन्ननळीचं टोक
लाल, इस्त्री लागल्यासारखं.
बाही केली तर हे वाढू शकतं, डॉक्टर म्हणाले.
तुमच्या साखरेलाही बायपास बरा.
पण गोळ्या जन्मभर, रक्त तपासत राहायचं,
आणि गोड खाल्लंत तर घाम, धडधड,
भर लग्नात आडवं व्हावं लागेल.

मी विचारलं, माया ठेवता का?
त्यांना कळेना.
म्हटलं, शिवणीच्या आत बोटभर कापड जास्त सोडतात,
उद्या बाई सुटली तर उसवून वाढवायला.
आमच्यात त्याला माया म्हणतात.
ते पेन फिरवत राहिले.
बाहीत नाही, म्हणाले. कापलं ते गेलं.
बायपास उसवता येतो, पुस्तकात.
सहसा कुणी उसवत नाही.

त्या रात्री सराफ्यात गेलो.
जलेब्याच्या कढईपुढे उभी राहिले बराच वेळ,
तुपाचा वास केसांत बसेपर्यंत.
घेतला नाही.
गराडू घेतले, तेही दिगंबरनेच संपवले.

घरी अग्निहोत्री भाभींचं रेशीम पडलं होतं.
त्यांना फुग्याची बाही हवी आहे,
आणि कापड हात लावला की विरतंय.
उद्या त्यांना सांगायचं होतं ते
आज मला मोठ्याने ऐकू आलं, माझ्याच आवाजात:
भाभी, मनात असतं ते नाही,
कापडाला झेपेल ते शिवायचं.

फॉर्मवर बायपास लिहिलं.
खाली रकाना होता, कमरेचा घेर.
अख्ख्या कॉलनीची मापं माझ्या वहीत आहेत,
माझं नाही.
माझा टेप साठ इंचांचा,
तो मला पुरत नाही, हे मी
कुणाला सांगितलं नव्हतं.

दिगंबरने टेप धरला. फिरवला. थांबला.
काही बोलला नाही.
खणातून दुसरा टेप काढला,
पहिल्याच्या टोकावर ठेवून टाचणी लावली,
सुटू नये म्हणून दोन इंच माया धरून.
आणि ते दोन इंच वजा करायला विसरला.

फॉर्मवर मी अजून तेवढी जास्तच आहे.